गणपतीतली ड्युटी

काळाचौकीच्या चाळीत परबांच्या दर्शनाला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. जन्मापासून तिला डाऊन सिंड्रोम. अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढची बारा वर्षं ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहिली. सकाळी तिच्यासमोरून सगळी चाळ कामाला जायची. जाताना लोक तिला हाक मारायचे, संध्याकाळी येताना पुन्हा मारायचे. मधला दिवस तिचा एकटीचा.

धाकटा भाऊ स्वप्नील नोकरीला लागला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून पहिल्या दिवशी घराबाहेर पडला, तेव्हा दर्शनाने आईला विचारलं, "माझं कधी?"

पोर लग्नाचं विचारतेय असं अंबिकाबाईंना वाटलं. त्या भांडी घासत राहिल्या.

"लग्न नाही," दर्शना म्हणाली. तिची जीभ जड, शब्द एकमेकांना चिकटून येत. म्हणून महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती एकेक शब्द सुटा करून बोलायची. "काम."

हे तिने एकदा म्हटलं असतं तर विरून गेलं असतं. पण ती रोज म्हणायला लागली. चहा घेताना, कपडे वाळत घालताना, झोपायला अंथरूण घालताना. अखेर स्वप्नीलनेच कुठून तरी चौकशी करून दादरच्या एका संस्थेतल्या बाईंना घरी आणलं. त्यांचं नाव संघमित्रा. पस्तिशीच्या असतील, खांद्याला भली मोठी पिशवी, बोलणं भरभर.

"मेणबत्त्या करायला बसवणार का हो?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"नाही काकी. चारचौघं जिथं नोकरी करतात तिथंच. पगार बाकीच्यांएवढा, नियम बाकीच्यांचेच. फक्त सुरुवातीला मी सोबत असेन. आधी दिवसभर, मग अर्धा दिवस, मग नुसती फोनवर. ती पुढे सरकेल तशी मी मागे सरकणार." मग त्या दर्शनाकडे वळल्या. "तुला घरात कुठलं काम आवडतं?"

दर्शनाने विचार केला. "चादर. ताणून घालायला."

परळला मोठ्या हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचं रुग्णनिवास होतं. बाहेरगावाहून उपचाराला आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहत. एक गेला की दुसरा यायचा, पलंग रिकामा म्हणून राहायचाच नाही. चादरी काढणं, गाद्या पुसणं, धुतलेल्या चादरी घालणं, हे काम कधी संपायचं नाही आणि ते करायला माणसं टिकायची नाहीत. तिथले व्यवस्थापक म्हणजे नाना. खरं नाव कुणी घेत नसे. त्यांनी दर्शनाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि संघमित्राला म्हणाले, "पेशंट इथं आधीच खचलेले असतात. त्यात हिची काळजी कोण घेणार?"

"काळजी घ्यायला नाही, काम घ्यायला ठेवा," संघमित्रा म्हणाली. "जमलं नाही तर मीच सांगेन तुम्हाला."

असं करून दर्शना कामाला लागली.

पहिला महिना शिकण्यात गेला. काळाचौकीहून परळपर्यंत चालत जायचं, भारतमाता थिएटरच्या सिग्नलला थांबायचं, हिरवा माणूस दिसला तरी उजवीकडे बघूनच पाय टाकायचा. आधी संघमित्रा शेजारून चालायची, मग दहा पावलं मागून, मग रस्त्याच्या पलीकडून. चादरीचंही तसंच. गादीच्या चारही कोपऱ्यांना चादर खोचायची, आणि मधे हात फिरवून बघायचं, सुरकुती लागली तर पुन्हा. दर्शना सावकाश करायची. बाकीच्यांचे तीन पलंग होत तेव्हा तिचा एक व्हायचा, मग दोन व्हायला लागले. पण तिने घातलेली चादर पेशंट रात्रभर तळमळला तरी सुटायची नाही.

तिच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावर सुंदराबाई असायच्या. साठीला टेकलेल्या, चिंचपोकळीच्या चाळीत राहणाऱ्या, नवऱ्यामागे दोन मुली शिकवून उजवलेल्या. त्यांना ही जोडी पसंत नव्हती. "माझं काम मी करू की हिच्याकडे बघू?" असं त्या दर्शनासमोरच म्हणायच्या. दर्शनाला ऐकू यायचं. ती पुढच्या पलंगाकडे जायची.

आणि चौथ्या महिन्यात व्हायचं ते झालं.

केमो घेऊन आलेल्या एका बाईंच्या पलंगावर दर्शनाने मळकी चादर घातली. पेशंटच्या नवऱ्याला उशाशी डाग दिसला आणि त्याने मजला डोक्यावर घेतला. त्याचं चुकत नव्हतं. त्या बाईंच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद उरली नव्हती. कुणाच्या तरी तापातली चादर त्यांच्या अंगाला लागली असती तर काय होऊन बसलं असतं, कोण सांगणार. नानांनी हात जोडून माफी मागितली, पलंग बदलून दिला, आणि खाली येऊन संघमित्राला फोन लावला.

"तिला उद्यापासून घरीच राहू दे," ते म्हणाले. "मला वाईट वाटतंय. पण इथं चुकीला जागा नाही."

अंबिकाबाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी देवापुढे दिवा लावला. लेक पुन्हा डोळ्यांसमोर राहणार, या विचाराने त्यांचा जीव भांड्यात पडला होता. लेकीचं तोंड मात्र त्यांनी नीट बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाने रोजच्यासारखी आंघोळ केली, निळा कुर्ता घातला, ओळखपत्र गळ्यात घातलं. दाराची वरची कडी लावलेली होती. तिचा हात तिथं पोचत नव्हता. तिने आईकडे बघितलं, आईने मान फिरवली. तेव्हा दर्शना दाराला पाठ लावून खाली बसली. रडली नाही की ओरडली नाही. चहा पुढे आला तो बाजूला सारला. "मी कामावर जाणार," एवढंच म्हणाली. दूधवाला आला तेव्हा अंबिकाबाईंना तिला ओलांडून दूध घ्यावं लागलं.

अकराच्या सुमारास संघमित्रा आली आणि तिच्याशेजारी जमिनीवरच बसली.

"काय झालं होतं, सांगशील? भीती नाही बाळगायची. मला कळायला पाहिजे."

"गाठोडं पांढरं," दर्शना म्हणाली. "मळक्याचं पांढरं. धुतलेल्याचं पण पांढरं. दोन्ही लिफ्टपाशी."

संघमित्रा उठली. "चल," ती म्हणाली. "काकी, कडी काढा. मी हिला परत आणून सोडेन, पण आत्ता हिला तिथं असायला हवं."

रुग्णनिवासात पोचल्यावर तिने नानांना दुसऱ्या मजल्यावर बोलावलं. लिफ्टच्या तोंडाशी तीन गाठोडी पडली होती. वरच्या गच्चीतून वाळून आलेली आणि मजल्यावरून धुवायला निघालेली, सगळी सारख्याच पांढऱ्या कापडात बांधलेली.

"नाना, यातलं धुतलेलं कुठलं?"

नाना वाकले. एका गाठोड्याची गाठ सोडायला लागले.

"न उघडता सांगा."

नाना थांबले. त्यांनी सुंदराबाईंकडे बघितलं. सुंदराबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "उघडूनच बघतो आम्ही. हातात घेतली की कळतं, गरम आहे का, वास कसा आहे. घाईत असलं तर..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

"दर्शनाची चूक आहेच," संघमित्रा म्हणाली. "ते मी नाकारत नाही. पण ही चूक इथं ठेवलेलीच आहे, कुणाच्या तरी पायात येणारच. ही गेली तर पुढच्या माणसाच्या येईल. मला एक महिना द्या."

नाना लगेच हो म्हणाले नाहीत. त्या दिवशी त्यांनी दर्शनाला काम दिलं नाही, उद्या सांगतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच फोन करून बोलावलं. मळक्या चादरी लाल पिशव्यांत भरून जिन्याने खाली जाऊ लागल्या. धुतलेल्या चादरी निळ्या ट्रॉलीतून गच्चीवरून लिफ्टने येऊ लागल्या. लाल पिशवी लिफ्टपाशी दिसली की दर्शना काम थांबवून उभी राहायची आणि ती हलेपर्यंत जागची हलायची नाही. सुरुवातीला सगळे वैतागले. नंतर लाल पिशव्या तिथं दिसेनाशाच झाल्या. त्याच सुमाराला दोन नवी माणसं लागली, एक उत्तर प्रदेशातला, एक नांदेडकडचा. त्यांना फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही. पिशव्यांकडे बघूनच त्यांना कळलं.

सुंदराबाई फार बोलल्या नाहीत. पण दुपारच्या जेवणाला त्या आता दर्शनाच्या डब्यासमोर आपला डबा उघडायला लागल्या. संघमित्रा आठवड्यातून एकदा यायची, मग पंधरवड्यातून एकदा.

श्रावण संपत आला तशी नानांना दरवर्षीची चिंता लागली. त्यांची निम्मी माणसं कोकणातली. गणपतीला ती गावाला जाणार म्हणजे जाणारच. गाड्यांची तिकिटं केव्हाच काढून झालेली. त्यांनी सगळ्यांना खाली जमवून कोण कोण जाणार ते विचारलं. हात वर होत गेले. सुंदराबाईंना त्यांनी विचारलंही नाही.

"आमच्यात गणपती नसतो," सुंदराबाई दर्शनाला हळूच म्हणाल्या. "म्हणून दरवर्षी हा मजला माझ्याच गळ्यात."

"परब, म्हणजे तू पण गेलीसच," नाना दर्शनाकडे न बघता म्हणाले.

"मला विचारा ना," दर्शना म्हणाली.

खोलीत कुणी तरी हसलं. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "बरं. विचारतो. दर्शना, तू गावाला जाणार?"

"नाही."

"का?"

"सुंदरामावशी एकटी आहे."

घरी हे सांगितलं तेव्हा अंबिकाबाई चक्क खाली बसल्या. त्या चिडल्या की त्यांच्या तोंडी गावची भाषा यायची. "गणपती घराक येतले आणि घरचा माणूस हय रवतला? येकटी? तुका कोण बघतला?"

"मी बघेन," दर्शना म्हणाली.

"देवाक मी काय सांगू?"

स्वप्नील बूट काढत होता. "मला गेल्या वर्षी सुट्टी मिळाली नव्हती तेव्हा काय सांगितलंस, आई? मी राहिलोच होतो की इकडे."

"तू वेगळो."

यावर दर्शनाच बोलली, सुटे सुटे शब्द करून. "मी. पण. नोकरी. करते."

अंबिकाबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः चिंचपोकळीला गेल्या, सुंदराबाईंचं घर शोधत. काय बोलणं झालं ते दोघींनाच ठाऊक. एवढं कळलं की सुंदराबाईंनी त्यांना चहा पाजला, आणि रात्री झोपायला आपण दर्शनाकडे येऊ असं कबूल केलं. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्ही माझ्यावर उपकार करताय असंच समजा. चार वर्षांत पहिल्यांदा गणपतीत मला जोडीला माणूस मिळतंय."

चतुर्थीच्या दोन दिवस आधी मायलेक गावाला गेले. जाताना अंबिकाबाईंनी दाराच्या कडीला एक दोरी बांधली, दर्शनाच्या हाताला येईल अशी.

चतुर्थीच्या सकाळी सुंदराबाई पहाटेच्या पाळीला पुढे गेल्या. दर्शनाची पाळी नऊची. ती रोजच्या वेळेला निघाली, रोजच्या फुटपाथने, आणि भारतमाताच्या अलीकडेच अडकली. फुटपाथ बांबूंनी बंद केला होता. त्याच्या आत गणपतीच्या दर्शनाची रांग, त्या रांगेला शेवट दिसत नव्हता. ढोल वाजत होते. रोजचा सिग्नल माणसांच्या मागे कुठं तरी गेला होता.

तिचे हात कुर्त्याच्या टोकाशी गेले आणि ते टोक ती पिळायला लागली. घरी परत फिरावं असं तिला वाटलं. तो रस्ता मोकळा होता आणि माहितीचा होता. मग तिला संघमित्राचं सांगणं आठवलं. अडलीस तर आधी उभी राहा. श्वास घे. मग माणूस शोध आणि विचार.

ती उभी राहिली. श्वास घेतला. मंडळाचा बिल्ला लावलेल्या एका मुलीपाशी गेली.

"मला जायचंय," ती म्हणाली.

मुलीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचा हात धरला. "या ना ताई. तुमच्यासाठी वेगळी रांग आहे, उभं राहावं लागणार नाही. नाव काय?"

"दर्शना."

"दर्शनालाच नेते तुम्हाला."

"दर्शन नाही," दर्शना म्हणाली. मुलगी तिला ओढत होती, मायेनेच, पण ओढत होती. दर्शनाने पाय रोवले. गळ्यातलं ओळखपत्र वर धरलं. "दर्शन. नको. परळला. कामावर. उशीर होतो."

मुलीने ओळखपत्र वाचलं. तिचा चेहरा बदलला. "सॉरी ताई. चला, मी सोडते तुम्हाला."

"हात नको. रस्ता दाखव."

मुलीने हात सोडला. मागच्या गल्लीतून कसं जायचं, कुठं पिठाची गिरणी लागते, तिथून कुठल्या हाताला वळायचं, ते तिने दोनदा सांगितलं. दर्शनाने तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि मग निघाली. गिरणीपाशी ती चुकीच्या हाताला वळली, थोडं गेल्यावर काही ओळखीचं दिसेना तेव्हा परत फिरली, गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला परळ तिकडे. ती तिकडे गेली. हॉस्पिटलची उंच इमारत दिसली तेव्हा कुर्ता घामाने पाठीला चिकटला होता.

रुग्णनिवासाच्या दारात नाना उभे होते. पाऊण तास उशीर झाला होता. ते काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "रस्ता बंद. उद्या लवकर निघीन." आणि हात धुवायला गेली.

ते पाच-सहा दिवस दोघींनी दुसरा मजला ओढला. सोपं नव्हतं. गौरी आल्या त्या दिवशी एकदम नऊ पेशंट दाखल झाले आणि दर्शना मधेच गादीवर बसून म्हणाली, "मी दमले." सुंदराबाई तिच्याजवळ बसल्या. दोघी पाणी प्यायल्या. "उठायचं?" थोड्या वेळाने सुंदराबाईंनी विचारलं. "उठायचं," दर्शना म्हणाली.

त्याच दिवशी जालन्याहून नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई दारात उभी राहून दर्शनाला चादर खोचताना बघत होती. पलंग झाला तरी ती आत येईना.

"तुला इथं ठेवलंय का, की तू काम करतेस?" तिने विचारलं.

"काम करते. पगार मिळतो."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते आवरलं. "माझी पण एक लेक आहे. तुझ्यासारखीच. शेजारणीकडे ठेवून आलेय. दिवसभर दारात बसून असते."

दर्शनाने उशीला अभ्रा घातला, तो नीट केला. मग खिशातून फोन काढला. "संघमित्राताईचा नंबर आहे. देऊ?" आणि बाई नंबर नीट लिहून घेईपर्यंत तिने तिला सोडलं नाही.

दादरची संस्था जालन्याला काय करणार, हे सुंदराबाईंना कळेना. त्यांनी तसं संघमित्राला फोनवर विचारलंही. "आमचं कुणी नाही तिथं," संघमित्रा म्हणाली. "पण शोधते. त्या बाईंना म्हणावं, मी शोधते." आणि पुढे तिने नानांशी झालेलं बोलणं सांगितलं. खालच्या स्वयंपाकघरासाठी नानांनी आपणहून संस्थेकडे आणखी एक माणूस मागितला होता. मागताना त्यांची एक अट होती: पहिले पंधरा दिवस त्याला इथली रीत दर्शनाने दाखवायची.

गौरी-गणपतीचं विसर्जन आटपून अंबिकाबाई दुसऱ्याच दिवशी परतल्या. रात्रभराचा प्रवास, डोळ्याला डोळा नाही. स्वप्नील सामान घेऊन घरी गेला आणि त्या, हातात प्रसादाचा डबा घेऊन, तडक परळला आल्या. लेकीच्या कामाच्या जागी त्या याआधी कधी वर चढल्या नव्हत्या. दुसऱ्या मजल्याच्या दाराशी येऊन त्यांनी हाक मारली.

दर्शनाने मान वर केली. तिचा चेहरा फुलला. पण हातातलं चादरीचं टोक तिने सोडलं नाही.

"थांब," ती म्हणाली. "दोन पलंग राहिलेत."

अंबिकाबाई दारातच उभ्या राहिल्या. सुंदराबाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि त्याही कामाला लागल्या. कुणाचा तरी म्हातारा बाप काठी धरून भिंतीला टेकून पलंगाची वाट बघत होता. अंबिकाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. लेक गादीचा कोपरा उचलत होती, चादर ताणत होती, मधे हात फिरवून बघत होती, आणि सुरकुती लागली म्हणून पुन्हा उलगडत होती.

त्यांना राहवेना. डबा खिडकीत ठेवून त्या पुढे झाल्या आणि ट्रॉलीतला एक अभ्रा उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"आई," दर्शनाने अडवलं. "प्रवासातनं आलीस. आधी हात धू. साबणाने."

अंबिकाबाईंचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी पदर खोचला, आणि बेसिन कुठं आहे ते लेकीला विचारलं.